दादीला काही झाले नाही, मग अब्बांना का?



वेरूळहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव ओळखता येणार नाही अशा बेताने त्यातला मजकूर इथे देत आहे, कारण तिने विचारलेले प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरातले आहेत.

ती लिहिते: ‘आमचे दुकान लेण्यांच्या रस्त्यावर आहे. माझ्या सासऱ्यांना गालाच्या आत कॅन्सर झाला. ऑपरेशन झाले, शेक झाले, पण त्यांचा इंतकाल झाला. साठीही गाठली नव्हती. माझे मिस्टर दिवसभर दुकानात बसून सुपारी-तंबाखूची पुडी खातात. मी काही बोलले की म्हणतात, दादीने उभा जन्म पान-जर्दा खाल्ला, ती आजही जात्यावर बसेल एवढी धडधाकट आहे. तिला काही झाले नाही. अब्बांच्या नशिबात होते, त्यांना झाले. आता नणंदेच्या मुलाने मोबाईलवर वाचून सांगितले की शरीरात सूज आणणाऱ्या जीनमध्ये फरक असला की तोंडाचा कॅन्सर होतो, आणि थुंकी पाठवली की टेस्ट करून सांगतात. मला दोन मुले आहेत. हे आमच्या रक्तातच आहे का? मुलांची टेस्ट करून घेऊ का?’

या पत्रात तीन प्रश्न आहेत. दादी वाचली आणि तिचाच मुलगा गेला, असे का? हा आजार रक्तातून मुलांकडे येतो का? आणि टेस्टवर पैसे घालावेत का? एकेक करून पाहू.

सूज कशासाठी येते?

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. डॉक्टर याला दाह म्हणतात. दाह हा वैरी नाही. अल्लाहने शरीराला दिलेली ती राखणदारी आहे. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, घाण साफ करतात, नवी कातडी भरून आणतात आणि काम संपले की परत जातात. काटा निघाला की सूज उतरते.

पण काटा निघालाच नाही तर? रोज सकाळी त्याच जागी नवा काटा मोडला तर? तोंडात पुडी धरणाऱ्याचे नेमके हेच होते. सुपारीचे टणक तुकडे गालाचे नाजूक अस्तर खरवडतात. चुना ते भाजतो. सुपारीतले ॲरेकोलीन हे द्रव्य अस्तराखालच्या पेशींना चिवट धागे तयार करायला लावते. तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची रसायने थेट पेशीच्या केंद्रात जाऊन तिथला मजकूर बिघडवतात. पांढऱ्या पेशी दुरुस्तीला येतात, पण दुरुस्ती पुरी व्हायच्या आत दुसरी पुडी फाडली जाते. अशी वर्षानुवर्षे चाललेली सूज मग राखण करायची सोडून नुकसान करू लागते. सतत फुटणाऱ्या-भरणाऱ्या पेशींत चुका साठत जातात. जर्मनीचे डॉक्टर रुडॉल्फ विर्शो यांनी कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी पाहून १८६३ मध्येच सूज आणि कर्करोग यांचा संबंध सुचवला होता.

डॉक्टर ज्याला ‘डोके आणि मान यांचा कर्करोग’ म्हणतात, त्यात मेंदूचा कर्करोग धरत नाहीत. ओठ, गाल, जीभ, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाक आणि लाळेच्या ग्रंथी एवढा हा भाग. आपल्याकडे त्यात सर्वांत मोठा वाटा तोंडाच्या कर्करोगाचा आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले. जगातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून जास्त एकट्या आपल्या देशात.

जीनमधला फरक म्हणजे काय?

जीनला मराठीत जनुक म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके आहेत. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक अम्मीकडून आलेली आणि एक अब्बांकडून. कुठले द्रव्य कधी आणि किती बनवायचे, हे त्यात लिहिलेले असते.

सूज आणण्याचे आणि उतरवण्याचे हुकूमही अशाच जनुकांत आहेत. टीएनएफ अल्फा, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-८ ही द्रव्ये प्रामुख्याने सूज वाढवतात. इंटरल्यूकिन-१० ती आवरते. कॉक्स-२ नावाचे द्रव्य दुखणे आणि सूज आणणारी रसायने तयार करते. सगळ्या माणसांत ही जनुके आहेत, पण त्यांतले एखादे अक्षर एकाचे एक असते, दुसऱ्याचे दुसरे. टीएनएफच्या जनुकाच्या थोडे आधी, ३०८ क्रमांकाच्या जागी, बहुतेकांत एक अक्षर असते आणि काहींत दुसरे. ही जागा नळाच्या चावीसारखी आहे. चावी थोडी सैल असेल तर पाणी जास्त येते, घट्ट असेल तर कमी. पाणी तेच, नळ तोच.

म्हणून दोन माणसांनी एकच पुडी खाल्ली तरी एकाच्या गालात सूज जास्त भडकते आणि दुसऱ्याच्या गालात कमी. शास्त्रज्ञांनी मग विचारले की ज्यांची चावी सैल आहे त्यांना तोंडाचा कर्करोग जास्त होतो का? भारतासह अनेक देशांत रुग्ण आणि निरोगी माणसे यांची जनुके ताडून पाहण्यात आली.

उत्तर एका वाक्यात सांगता येत नाही, आणि मोबाईलवरच्या बातमीत नेमके हेच सुटते. काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. बरेच अभ्यास थोड्या माणसांवरचे होते. टीएनएफच्या त्या जागेवरचे कमी आढळणारे अक्षर युरोपच्या लोकांत जेवढे सापडते, तेवढे भारतीयांत सापडत नाही. त्यामुळे तिकडचा निष्कर्ष उचलून वेरूळच्या माणसाला लावता येत नाही. शिवाय एका जनुकाचा परिणाम फार थोडा असतो. अनेक जनुकांचे छोटे-छोटे परिणाम एकत्र येतात आणि त्यांत पुडी, बिडी, दारू, तोंडाची अस्वच्छता आणि भाजीपाल्याची कमतरता मिसळते. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गालाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास केला आहे. त्यातही वारशाने आलेल्या फरकांचा वाटा दिसतो, पण तंबाखूचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर जनुके म्हणजे कडब्याची गंजी. कुणाची गंजी पार वाळलेली, कुणाची थोडी ओलसर. पण ठिणगी पडल्याशिवाय वाळलेली गंजीही सहसा पेटत नाही, आणि रोज ठिणग्या टाकत राहिले तर ओलसर गंजीही एक दिवस धुमसायला लागते. पुडी ही ठिणगी आहे.

दादी आणि अब्बा

आता पहिला प्रश्न. दादीला काही झाले नाही, मग तिच्या मुलाला का झाले?

पहिले कारण असे की दादीची जनुके अब्बांकडे अर्धीच आली. उरलेली अर्धी दादांकडून आली. दादीचे शरीर तंबाखूचे विष सोसणारे असेल, पण ती सोसण्याची ताकद मुलाला मिळालीच असेल असे नाही. सख्ख्या भावंडांतही सारे सारखे उतरत नाही. एक गोरा, एक सावळा, एकाला दमा, दुसऱ्याला नाही, हे आपण रोज पाहतो. तेव्हा दादीचे शरीर हा नातवासाठी दाखला होऊ शकत नाही. नातवापर्यंत दादीचा सरासरी चौथा हिस्साच पोचतो.

दुसरे कारण असे की दादीचे पान आणि नातवाची पुडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दादी पानदान उघडून, अडकित्त्याने सुपारी कातरून, जेवणानंतर पान लावते. पानही निर्दोष नाही, हे पुढे सांगतोच आहोत. पण पुडीला ना कातरणे, ना जेवणाची वेळ. दात लावून फाडली की तोंडात. गिऱ्हाईक येईपर्यंत एक, गेल्यावर एक. कित्येक जण ती गालात धरून झोपतात. एकाच जागी, तासन्‌तास, वर्षानुवर्षे.

तिसरे कारण जरा कडू आहे. ज्यांना पानाने काही झाले नाही ते ओट्यावर बसून दाखला द्यायला हयात आहेत. ज्यांना झाले ते कब्रस्तानात आहेत. त्यांचा दाखला कोणी देत नाही. दहा जण रस्ता न पाहता ओलांडून गेले म्हणून आपण अकराव्याला डोळे मिटून जा असे सांगत नाही.

आणि दादींनाही एक अदबीची विनंती. ‘काही झाले नाही’ म्हणण्याआधी तोंड तपासून घ्या. तोंडातला पांढरा चट्टा दुखत नाही, म्हणून तो कळत नाही.

रक्तातून येते का?

दुसरा प्रश्न मुलांचा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून नीट वाचावे.

एक असतात जन्माने मिळालेले फरक. वर सांगितलेली सैल-घट्ट चावी त्यातली. हे फरक आईबापांकडून मुलांकडे जातात. दुसरे असतात जन्मानंतर, एकाच जागच्या पेशींत झालेले बिघाड. भारतातल्या शास्त्रज्ञांनी हिरडी आणि गालाच्या कर्करोगाच्या गाठींतली जनुके वाचून २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. गाठीत टीपी-५३, कॅस्पेस-८, नॉच-१ अशी कितीतरी जनुके बिघडलेली सापडली. हे बिघाड त्या माणसाच्या गालात, त्याच्या हयातीत झालेले असतात. ते मुलांकडे जात नाहीत. अब्बांच्या गालातला कर्करोग मुलांच्या रक्तात उतरलेला नाही.

मग घरात आजार असला तर धोका वाढतो की नाही? वाढतो, थोडा. अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २००९ मध्ये याचा हिशेब मांडण्यात आला. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला डोके-मानेचा कर्करोग झाला असेल तर धोका साधारण १.७ पट दिसला. पण घरात आजार होता आणि स्वतःही तंबाखू आणि दारू दोन्ही घेत होते, अशांचा धोका सुमारे ७.२ पट दिसला. १.७ आणि ७.२ या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते बहुतांश माणसाच्या हातातले आहे. वारसा बदलता येत नाही, पुडी बदलता येते.

म्हणजे ज्या घरात एकाला हा आजार झाला, त्या घरातल्या बाकीच्यांनी ‘आता नशिबातच आहे’ म्हणून पुडी चालू ठेवणे हे सर्वांत उलटे वागणे झाले. इतरांनी एकदा सोडावी, तर अशा घराने ती आजच सोडावी.

एक अपवाद सांगायला हवा. फँकोनी ॲनिमिया नावाचा एक दुर्मिळ आजार खरोखरच जन्माचा असतो. त्यात पेशींना आपल्या जनुकांची दुरुस्ती नीट जमत नाही, आणि अशा मुलांना तरुणपणीच, तंबाखूशिवायही, तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका फार मोठा असतो. बहुतेक वेळा बिघडलेली प्रत अम्मी-अब्बा दोघांकडूनही आली तरच हा आजार होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत त्याची शक्यता वाढते. मुलाच्या अंगात रक्त फार कमी राहत असेल, उंची खुंटली असेल, हाताच्या अंगठ्यात जन्मतः व्यंग असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. इथे जनुकांची तपासणी खरोखर उपयोगाची आहे, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायची असते.

आणि भगिनींनो, हेही लक्षात असू द्या. गालाचा कर्करोग एका ताटात जेवल्याने होत नाही. रुग्णाचे ग्लास-ताट वेगळे काढणे, नातवंडांना त्याच्या मांडीवरून उठवणे, याने आजार थांबत नाही, माणूस मात्र मरायच्या आधीच एकटा पडतो. दस्तरखानावर त्याची जागा राखा.

टेस्ट करू का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. सुजेच्या जनुकांची टेस्ट या कामासाठी करू नका. टीएनएफ किंवा इंटरल्यूकिनच्या जनुकात कुठले अक्षर आहे, त्यावरून तुमच्या मुलाला पुढे तोंडाचा कर्करोग होणार की नाही हे आज कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. समजा अहवाल ‘धोका जास्त’ असा आला, तर डॉक्टर म्हणतील पुडी सोडा, तोंड तपासा. ‘धोका कमी’ असा आला, तरीही डॉक्टर तेच म्हणतील. उलट ‘कमी’ वाचून मिस्टरांनी आणखी दोन पुड्या वाढवल्या, तर टेस्टने भले करण्याऐवजी वाईटच केले.

सूज हेच मूळ असेल तर सूज उतरवणारी गोळी रोज घ्यावी का, असेही काही जण विचारतात. मुळीच नाही. अशा गोळ्या मनाने रोज घेतल्या तर पोटात व्रण, रक्तस्राव आणि किडनीला इजा होऊ शकते. सूज उतरवायचा उपाय म्हणजे काटा काढणे. गोळी खाऊन काटा तसाच ठेवायचा, याला इलाज म्हणत नाहीत.

नुसती सुपारी चालते का?

‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो,’ असे पुष्कळ जण समाधानाने सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निर्णयात तंबाखूशिवायचा सुपारीचा विडा आणि नुसती सुपारी, दोन्हींना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या यादीत घातले आहे. याच संस्थेच्या २०२४ मध्ये छापलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १ लाख २० हजार जणांना झालेला तोंडाचा कर्करोग सुपारी आणि चघळायच्या तंबाखूमुळे होता. त्यांतले सुमारे ८३ हजार भारतातले होते.

सुपारीने कर्करोगाच्या आधी आणखी एक आजार येतो. गालाखालचे मऊ अस्तर दोरीसारखे ताठ होते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासे होते. १९५२ मध्ये आफ्रिकेत केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत तो प्रथम नोंदवला गेला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. आज त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हा सुजेचाच परिणाम आहे. सूज येते, उतरत नाही, आणि जखमेच्या वणासारखे चिवट धागे साठतात. केरळात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला.

म्हणून शाळेपुढच्या दुकानातली एक-दोन रुपयांची गोड, सुगंधी सुपारी ही खाऊ नाही. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी वेगळ्या पुडीत आणि तंबाखू वेगळ्या पुडीत मिळते, आणि दोन्ही तळहातावर एकत्र होतात. मशेरी आणि गुल लावणाऱ्या बहिणींनीही आपल्याला यातून वेगळे समजू नये. जाळलेली असली तरी ती तंबाखूच आहे. दात घासायला मिस्वाक आहे, ब्रश आहे.

ज्यांना हे सारे गरिबाचे दुखणे वाटते त्यांनी आठवावे. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये याच आजाराची शस्त्रक्रिया झाली. ते वाचले, आणि सुपारीचा धोका आपल्याला वेळीच कुणी सांगायला हवा होता, असे त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवले आहे.

मग काय करायचे?

महिन्यातून एकदा घरातल्या प्रत्येकाने तोंड पाहावे. वेळ वेगळी काढायला नको. पहिल्या जुम्याला वुजूसाठी चूळ भरतानाच आरशापुढे उभे राहा आणि मोबाईलचा उजेड तोंडात पाडा. दोन्ही गाल, ओठांच्या आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा आणि टाळू पाहा. मग बोटाने चाचपा. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, तेही पाहा.

या गोष्टी दिसल्या तर थांबू नका: पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखटाने होणारी आग, तोंड कमी उघडणे, कारण नसताना हलणारा दात, मानेत गाठ, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज. यांतले काही दिसले म्हणजे कर्करोगच आहे असे नाही, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे. चट्ट्यावर तुरटी, हळद, मलम लावत महिने घालवू नका.

अशा पाहण्याने जीव वाचतो याचा पुरावा आहे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे पाहिली. २००५ मध्ये हिशेब झाला तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. ना मोठे यंत्र, ना महागडी टेस्ट. उजेड आणि दोन डोळे.

वेरूळ-खुलताबाद भागातल्या माणसाने आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. पुढे छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. वेरूळपासून हे अंतर सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे एका सकाळचे काम. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटा. खर्चाच्या भीतीने घरी बसलेला माणूस शेवटी जास्त खर्चात पडतो.

सोडण्याबद्दल. ‘सुटत नाही’ हे खरे आहे. तंबाखूची तलफ हा स्वभावाचा दोष नाही, मेंदूला लागलेली सवय आहे. म्हणून टोमणे मारून ती सुटत नाही. तारीख ठरवा. खिशातली, गल्ल्यातली, गाडीतली पुडी काढून टाका. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी, लवंग, वेलची किंवा बडीशेप तोंडात धरा. सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पुडीवरच हा नंबर छापलेला असतो. जो माणूस रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत पुडीशिवाय राहतो, त्याला सोडता येत नाही असे म्हणता येणार नाही. तो वर्षातले महिनाभर रोज तेरा-चौदा तास ती सोडतोच. अडचण इफ्तारनंतरच्या पहिल्या पुडीची आहे. तेवढी एक चुकवायची.

सोडून काय फायदा, असेही लोक विचारतात. सिगारेट सोडणाऱ्यांच्या अभ्यासात पहिल्या एक ते चार वर्षांतच डोके-मानेच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी उतरलेला दिसला. आपल्या देशात सुमारे ३६ हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना समजावून सांगण्याचा एक मोठा प्रयोग झाला. समजावल्यावर सोडणारे वाढले, आणि काही भागांत तोंडात नवे पांढरे चट्टे होण्याचे प्रमाण घटले. जनुके तीच राहिली, तोंडे सुधारली.

‘नशिबात होते’ या शब्दांबद्दल शेवटी थोडेसे. तकदीरवर आपला ईमान आहे. पण आपला दीन उंट मोकळा सोडून तवक्कुल करायला शिकवत नाही, आधी उंट बांधायला सांगतो. शरीर ही अमानत आहे. तिच्यात कुठली जनुके ठेवली, हा त्या मालिकचा फैसला. तिच्यात रोज काय कोंबायचे, हा आपला.

येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी निकाह किंवा वलीमा आहे, त्यांनी एवढे करून पाहावे. जेवणानंतरच्या तबकात सुपारी ठेवू नये. बडीशेप, खडीसाखर, वेलची, लवंग ठेवावी. कुणी विचारले तर कारण सांगावे. शेजारच्या घरचे लग्न होईल तेव्हा त्यांच्या तबकातूनही ती आपोआप निघेल, इन्शाअल्लाह.